राजदूत ३५० चा हरवलेला डिस्क ब्रेक

जुनी राजदूत ३५० ड्रॅग रेसिंगसाठी सज्ज करायची म्हटली की पुढच्या चाकाला कोणता डिस्क ब्रेक बसवावा, हा प्रश्न लवकरच समोर येतो. वास्तविक हा ब्रेक या गाडीच्या मूळ आराखड्यात होताच. १९८३ साली तो काढला गेला.

यामाहाच्या जपानी आरडी ३५० ला पुढे हायड्रॉलिक डिस्क होती. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने तीच गाडी ‘राजदूत’ या नावाने भारतात आणली. ३४७ सीसीचे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन आणि सहा गिअर राहिले. डिस्क मात्र गेली आणि तिच्या जागी ड्रम आला. कारण मुख्यतः किमतीचे होते. लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते, १९५३ मध्ये डिस्क ब्रेकच्या जॅग्वारने ल मान्सची शर्यत जिंकली होती आणि १९६९ पासून होंडाच्या सीबी ७५० वर तो सामान्य ग्राहकालाही मिळत होता. भारतीय दुचाकीच्या बाजारात मात्र तो तेव्हा चैनीचाच होता.

त्या ड्रमला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल. त्याचे दोन्ही शू ‘लीडिंग’ होते, म्हणजे चाकाच्या फिरण्यानेच ते ड्रमवर अधिक घट्ट दाबले जात. (गाडी चढावर मागे घसरू लागली, की हाच गुण उलटा फिरे!) खरी अडचण उष्णतेची. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, लिव्हर अधिकाधिक आत येते आणि पकड ढिली पडते. वेग दुप्पट झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. सुमारे ३० अश्वशक्तीच्या, त्या काळी देशात अतिवेगवान ठरलेल्या गाडीसाठी हा हिशेब जिवावर बेतणारा होता.

ड्रॅगमध्ये शर्यत ४०२ मीटरची. ब्रेकची खरी कसोटी ती संपल्यावर लागते. घाटात किंवा ट्रॅकवर ब्रेक वळणागणिक तापत जातो. इथे मात्र तो थंडगार असताना, थेट सर्वोच्च वेगावर, एकदाच लागतो. म्हणून तापल्यावरच पकडणारे शर्यतीचे पॅड इथे निरुपयोगी. रस्त्यावरच्या गाडीचे साधे पॅड अधिक भरवशाचे. सुरुवातीच्या बर्नआउटमध्ये पुढचा ब्रेक दाबून मागचे चाक फिरवतात, पण तेव्हा पुढचे चाक स्थिर असल्याने डिस्क तापत नाही. लिव्हर सोडताच पॅड पूर्ण मोकळे झाले पाहिजेत. घासत राहिले तर तो वेळ थेट शर्यतीतून वजा होतो.

दोन डिस्क शोभून दिसतात हे खरे, पण फिरते वजन वाढवून गाडीचा वेग घेणे मंदावतात. अशा गाडीला बेताच्या व्यासाची एकच चांगली डिस्क पुरावी. मास्टर सिलिंडर मात्र कॅलिपरच्या पिस्टनशी जुळणाराच हवा. तो मोठा घेतला तर लिव्हर दगडासारखी लागते, लहान घेतला तर हँडलपर्यंत आत येते.

हे भाग आज शोधायला जपानपर्यंत जावे लागत नाही, आणि इथे गोष्ट मराठवाड्यात येते. राजदूत बाजारात आल्यानंतर दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, औरंगाबादजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. शेजारी बजाजनगरची कामगार वस्ती वाढली आणि सुट्या भागांचे कारखानेही आले. त्याच वर्षी औरंगाबादेत सुरू झालेल्या आणि आज वाळूजमध्ये मुख्यालय असलेल्या एंड्युरन्स टेक्नॉलॉजीजने ॲल्युमिनियमच्या ओतकामापासून सुरुवात केली. पुढे ती दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवू लागली. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. १९८३ मधली चैन अशी बजाजनगरच्या पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या रोजच्या कामाची वस्तू बनली.

राहतो प्रश्न मूळ ड्रमचा. कॅलिपर बसवण्यासाठी जुना फोर्क कापणे, त्यावर वेल्डिंग करणे हे शर्यतीसाठी धोक्याचे आणि इतिहासाच्या दृष्टीने नासधूस करणारे आहे. शर्यतीसाठी डिस्कचा वेगळा फोर्क आणि वेगळे चाक घ्यावे. ड्रमचे मूळ चाक तेल लावून, गुंडाळून माळ्यावर ठेवावे. राजदूत ही जपानी आरडीपेक्षा वेगळी गाडी होती, याचा पहिला पुरावा तेच आहे.