झाडू, नवरा आणि शाळेतले नाटक

नाटकातून शाळकरी मुलामुलींना निकोप नाती शिकवण्याच्या पद्धतीचा माग काढताना मी १९७३च्या पेरूत पोहोचलो. ब्राझीलमधून हद्दपार झालेले ऑगस्तो बोआल तिथे साक्षरता मोहिमेत नाटके करत. त्यांनीच लिहिलेली हकिकत अशी : नवऱ्याने फसवलेल्या बाईने काय करावे, हे प्रेक्षकांनी सांगायचे, नटांनी वठवायचे. एका बाईचे समाधान होईना. बोआल यांनी तिलाच रंगमंचावर बोलावले. तिने ‘नवऱ्या’ला आधी झाडूने झोडपले, मगच बोलणी केली.

यातून फोरम थिएटर जन्मले. पुढे ते ब्रिटनमधल्या शाळांतही गेले. पाळत ठेवणाऱ्या मित्राच्या प्रसंगात विद्यार्थिनी ‘थांबा’ म्हणते आणि नायिकेच्या जागी स्वतः उभी राहते. जाच करणाऱ्याला जादूने सुधारायचे नाही, हा नियम. मला मर्म इथेच दिसते : ‘नाही’ म्हणणे उपदेशाने येत नाही, त्याला तालीम लागते.