१९०९ मधील पिस्तुले : साधन, निमित्त आणि कालक्रम

भारतीय क्रांतिकारकांच्या हातून १९०९ साली झालेल्या दोन हत्या महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहेत. १ जुलै रोजी लंडनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटमधील जहांगीर सभागृहात मदनलाल धिंग्रा यांनी सर विल्यम कर्झन वायली यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच वेळी डॉ. कावस लालकाका हेही प्राणास मुकले. २१ डिसेंबर रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांना ठार केले. या दोन्ही कृत्यांची कारणमीमांसा करताना ९ जून १९०९ रोजी बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेच्या शिक्षेकडे बहुधा बोट दाखविले जाते. शिक्षा हे कारण आणि हत्या हा तिचा सूड, अशी ही मांडणी आहे. ज्या शस्त्रांनी ही कृत्ये घडली ती केव्हा व कशी मिळविली गेली, हे पाहिल्यास ही मांडणी कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शस्त्राविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील युटा प्रांतातील ऑग्डेन गावचा जॉन ब्राउनिंग याने आखलेले पिस्तूल बेल्जममधील लिएज शहराजवळच्या हर्स्टाल येथील कारखान्यात तयार होऊ लागले आणि १९०० साली बेल्जमच्या सैन्याने ते स्वीकारले. गोळी सुटताच तिच्या मागे रेटणाऱ्या जोराने वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, आणि स्प्रिंगच्या बळाने तो भाग पुढे येताना मुठीतील पेटीतून नवे काडतूस नळीत चढते. त्या पेटीत सात काडतुसे मावत. प्रत्येक गोळीसाठी घोडा स्वतंत्रपणे दाबावाच लागतो; म्हणून त्या काळच्या कागदपत्रांत या शस्त्रास ‘स्वयंचलित’ म्हटले असले, तरी ‘अर्धस्वयंचलित’ हेच नाव यथार्थ होय. रिव्हॉल्व्हरचे फुगीर फिरते चक्र येथे नसल्यामुळे हे पिस्तूल चपटे असे व कोटाच्या खिशात सहज लपे. फ्रेंच भाषेत तर ‘ब्राउनिंग’ हा शब्द पिस्तुलाचा पर्याय म्हणून रूढ झाला. अमेरिकेतील कोल्ट कंपनीची त्या वेळची अशा जातीची पिस्तुलेही ब्राउनिंगच्याच आराखड्यांवर बनत. सारांश, लंडन व नाशिक येथील कृत्यांची शस्त्रे एकाच माणसाच्या कल्पकतेतून निघालेली होती.

धिंग्रा यांच्या पिस्तुलाची हकीकत त्यांच्यावरील खटल्यातील साक्षींवरून कळते. जानेवारी १९०९ मध्ये लंडनमधील गॅमेज यांच्या दुकानातून त्यांनी कोल्टचे पिस्तूल ३ पौंड ५ शिलिंगांस विकत घेतले. या व्यवहारात चोरीछुपे असे काही नव्हते. १९०३ च्या ब्रिटिश पिस्तूल कायद्याप्रमाणे बंदुकीचा परवाना दाखविणाऱ्या प्रौढास पिस्तूल विकत घेता येई, आणि तो परवाना टपालकचेरीत १० शिलिंग भरून मिळे. दुसरी साक्ष टॉटनहॅम कोर्ट रोडवरील नेमबाजीच्या जागेच्या मालकाची आहे. सुमारे तीन महिन्यांपासून धिंग्रा आठवड्यातून दोन-तीन वेळा तेथे सरावास येत असत. १ जुलैच्या सायंकाळी, म्हणजे कृत्याच्या काही तास आधी, त्यांनी तेथे बारा गोळ्या झाडल्या व त्यांपैकी अकरा निशाणावर लागल्या. अंतर होते १८ फूट.

नाशिकच्या पिस्तुलाचा मार्ग याहून सर्वस्वी निराळा होता. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालानुसार विनायक दामोदर सावरकरांनी फेब्रुवारी १९०९ मध्ये पॅरिसहून वीस ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे मिळविली आणि इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या सामानातील पेटीच्या चोरतळात दडवून ती मुंबईस धाडली. जॅक्सन यांच्या हत्येसाठी वापरलेले पिस्तूल त्यांपैकीच एक होते.

या दोन मार्गांतील अंतर हे व्यक्तींच्या स्वभावातील अंतर नव्हे. ते कायद्यातील अंतर आहे. हिंदुस्थानात १८७८ चा शस्त्र कायदा लागू होता. त्याने हिंदी प्रजाजनांना परवान्याच्या जोखडात बांधले होते आणि त्याखालील नियमांनी युरोपियनांना मात्र त्यातून मोकळे ठेवले होते. जे शस्त्र लंडनमध्ये एक हिंदी विद्यार्थी दिवसाढवळ्या दुकानातून घेऊ शकत होता, तेच नाशिकमध्ये पोहोचविण्यास चोरतळाची पेटी लागली. एकाच सम्राटाच्या प्रजाजनास राजधानीत एक न्याय व मायदेशी दुसरा, ही विषमता या व्यवहारांत जितकी उघडी पडते तितकी ती सभांतील ठरावांतही पडत नाही.

आता कालक्रमाकडे वळू. धिंग्रा यांनी पिस्तूल घेतले जानेवारीत. बाबारावांना अटक झाली त्यानंतर, फेब्रुवारी संपून मार्च लागण्याच्या सुमारास, आणि शिक्षा झाली जूनमध्ये. सरावाचा आरंभ, साक्षीत सांगितलेल्या तीन महिन्यांचा हिशेब धरल्यास, एप्रिलच्या सुमाराचा ठरतो. म्हणजे तोही शिक्षेपूर्वीचाच. पॅरिसची पिस्तुलेही शिक्षेच्या चार महिने आधी मिळविलेली होती. इतकेच नव्हे, तर पिस्तुले येत असल्याचे बाबारावांनी अटकेपूर्वीच एका मित्रास सांगितले होते, असे त्याच अहवालात नमूद आहे. जी घटना अद्याप घडलेलीच नव्हती, तिचा सूड घेण्यासाठी शस्त्र जमविले गेले, असे म्हणता येणार नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. शस्त्र बाळगणे म्हणजे विशिष्ट माणसाला मारण्याचा निश्चय नव्हे. जानेवारीत धिंग्रा यांच्या मनात कर्झन वायली होते, असे दुकानदाराच्या साक्षीवरून सिद्ध होत नाही. तसेच जॅक्सन यांनीच बाबारावांचा खटला सत्र न्यायालयाकडे पाठविला असल्यामुळे नाशिकच्या लक्ष्याची निवड आणि ती शिक्षा यांचा संबंध नाकारण्याचे कारण नाही. म्हणूनच साधन, निश्चय आणि निमित्त या तीन गोष्टी वेगळ्या धरावयास हव्यात. निमित्ताने लक्ष्य ठरविले असेल. साधन मात्र त्यापूर्वीच हाताशी होते. त्या साधनामागील संतापाची मुळे १९०८ सालात शोधावी लागतील : जुलैत टिळकांना झालेली सहा वर्षांची शिक्षा, ऑगस्टमध्ये खुदीराम बोस यांना व नोव्हेंबरमध्ये कन्हाईलाल दत्त यांना झालेली फाशी. धिंग्रा यांनीही आपल्या निवेदनात हिंदी तरुणांच्या फाशी व हद्दपारीचाच उल्लेख केला होता. त्यांचा रोख एका कुटुंबावरील अन्यायापुरता मर्यादित नव्हता.

पुराव्याच्या जातीविषयीही सावध असले पाहिजे. चतुर्भुज अमीन हा माफीचा साक्षीदार होता व रौलट समिती ही सरकारची समिती होती. दोघांचेही हितसंबंध उघड आहेत. तथापि पिस्तुले पाठविल्याची गोष्ट सावरकरांच्या गौरवपर चरित्रांतही मान्य केलेली आढळते, हे लक्षात घेतले पाहिजे. दुकानदार व नेमबाजीच्या जागेचा मालक यांची स्थिती निराळी आहे. आपण काय विकले, केव्हा विकले आणि गिऱ्हाईक कितीदा आले, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. अशा उदासीन साक्षीदारांचे शब्द इतिहासकारास पुष्कळदा अधिक उपयोगी पडतात.

धिंग्रा १७ ऑगस्ट १९०९ रोजी पेंटनव्हिल तुरुंगात फासावर गेले. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यास. त्यांच्या चरित्रांत अखेरचे क्षण सविस्तर येतात आणि खरेदी, वाहतूक व सराव यांचे कंटाळवाणे महिने एखाद्या वाक्यात आटोपतात. चरित्रकाराचे ते एक वेळ क्षम्य मानता येईल. परंतु त्या महिन्यांकडे दुर्लक्ष केले की दीर्घकाळ चाललेली, विचारपूर्वक केलेली तयारी क्षणिक सूडाच्या उद्रेकासारखी भासू लागते. त्या तरुणांच्या मार्गाचा गौरव करावा की निषेध, हा प्रश्न येथे बाजूस ठेवला आहे. गौरव करणाऱ्यास काय अन् निषेध करणाऱ्यास काय, त्यांची कृती जशी घडली तशीच समजून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी दुकानाच्या त्या पावतीपासून आरंभ करणे इष्ट होय.