तोंडी हुकमापासून दप्तरापर्यंत : कॉन्फिगरच्या रिवाजाचा इतिहास

सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गावरील नंदुरबार हे अकबराच्या काळी माळवा सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते; 1818 नंतर ते कंपनीच्या अमलाखालील खानदेशात आले, 1906 साली खानदेशाची वाटणी झाली तेव्हा पश्चिम खानदेशाच्या वाट्यास गेले, पुढे धुळे जिल्ह्यात राहिले, आणि 1 जुलै 1998 रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. जमीन तीच आणि तापीचे पाणीही तेच. परंतु दर अमलाबरोबर वसुलाची रीत आणि दप्तराची भाषा पालटत गेली, आणि नव्याने रुजू झालेल्या अंमलदारास ‘येथे काय चालते’ याची चौकशी केल्यावाचून एक कागदही पुढे सरकविता येईना. प्रोग्रॅमचा एकच मूळ मजकूर निरनिराळ्या यंत्रांच्या अमलाखाली कसा नांदवावा, हा संगणकशास्त्रातील प्रश्नही याच जातीचा आहे, आणि त्याच्या उत्तरातून जो रिवाज निर्माण झाला त्याचा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

संगणकाच्या इतिहासात या जिल्ह्याचे नाव नोंदले गेले ते 29 सप्टेंबर 2010 रोजी, जेव्हा देशातील पहिले आधार क्रमांक टेंभली या गावी वितरित झाले. त्या समारंभात लोकांच्या दृष्टीस पडले ते बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि हाती आलेला क्रमांक; परंतु कोणतीही संगणकीय व्यवस्था लोकांपुढे येण्यापूर्वी तिची आज्ञावली माणसास वाचता येणाऱ्या मजकुरातून यंत्रास कळणाऱ्या रूपात आणावी लागते. हे काम करणारा कंपायलर कोणता घ्यावा आणि त्यास कोणत्या सूचना द्याव्यात, हे ठरविण्याची रीत आज जितकी सहज वाटते तितकी ती सहज घडलेली नाही.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही कार्यप्रणाली वाढत असता, 1976 साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचे साधन रचले. कोणती फाइल कोणत्या फाइलीपासून तयार होते याची यादी एकदा लिहून ठेवली, म्हणजे बदललेला तेवढाच भाग पुन्हा बांधण्याचे काम हे साधन आपण होऊन करी. पुढे 1979 साली युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली आणि तिच्याबरोबर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ही कल्पना रूढ झाली : एखादा प्रोग्रॅम दुसऱ्यास चालू करतो तेव्हा नावे आणि त्यांची मूल्ये यांचा एक संच वारसाप्रमाणे त्याच्या हवाली करतो, वारसास आपली प्रत बदलता येते, परंतु मूळ मालकाच्या संचास हात लावता येत नाही. कंपायलरचे नाव सांगणारे ‘सीसी’ आणि त्याच्या सूचना वाहणारे ‘सीफ्लॅग्ज’ ही नावे मेकच्या परिपाठातून आली, आणि मेकही आपल्या भोवतालचा हा संच वाचत असल्यामुळे दोन्ही गोष्टींचा मिलाफ सहज झाला.

1980 नंतरच्या दशकात युनिक्सचे एकछत्र उरले नाही. बर्कली विद्यापीठाची शाखा, ए. टी. अँड टी. कंपनीची सिस्टिम फाइव्ह आणि यंत्रे विकणाऱ्या प्रत्येक कंपनीचा आपापला फाटा, अशी वाटणी झाली. एका ठिकाणी असलेले फंक्शन दुसरीकडे नसे, आणि असले तरी निराळ्या हेडर फाइलीत सापडे. लॅरी वॉल यांनी 1984 साली आपल्या ‘आरएन’ या प्रोग्रॅमबरोबर एक स्क्रिप्ट दिली. ती यंत्राची तपासणी करी आणि जेथे निर्णय होईना तेथे वापरणाऱ्यास प्रश्न विचारी. जून 1991 मध्ये डेव्हिड मॅकेन्झी हे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी ग्नू या प्रकल्पातील अनेक साधनांची देखभाल करीत होते, आणि मेकफाइलमध्ये हाताने निवडावयाच्या पर्यायांची संख्या विसाच्या घरात गेल्यामुळे ते स्वतःच त्रस्त झाले होते. त्यांनी फाइलयुटिल्स या संचासाठी यंत्राचे गुण ओळखणारी एक लहान शेल स्क्रिप्ट लिहिली, पुढील महिन्यात हातानेच फेरफार करून ती इतर संचांना लावली, आणि अशा स्क्रिप्टा हाताने लिहीत बसणे हाही एक जाचच आहे हे ध्यानी आल्यावर ‘कॉन्फिगर’ नावाच्या त्या स्क्रिप्टा निर्माण करणारे ‘ऑटोकॉन्फ’ तयार केले. कॉन्फिगर चालवावे, मग मेक, मग मेक इन्स्टॉल, ही त्रिपदी पुढे जगभर रूढ झाली.

कॉन्फिगर काय करते? ते लहान लहान चाचणी प्रोग्रॅम लिहिते, कंपायलरकडून ते बांधवून पाहते, आणि जे बांधले गेले त्यावरून यंत्राचा स्वभाव ठरविते. या चौकशीत सर्व भिस्त कंपायलरवर असल्यामुळे त्याची निवड चौकशीपूर्वीच व्हावी लागते. कोणी काही न सांगितल्यास कॉन्फिगर बहुधा प्रथम जीसीसी हा ग्नूचा कंपायलर शोधते, तो न मिळाल्यास सीसी नावाचा. आणि जीसीसी मिळाला तर दोषशोधनाची माहिती ठेवणारी व दुसऱ्या पायरीचे ऑप्टिमायझेशन करणारी सूचना स्वतःच घालते. ज्यास निराळा कंपायलर हवा त्याने सीसी सांगावे, ज्याच्या हेडर फाइली आडजागी आहेत त्याने सीपीपीफ्लॅग्ज, आणि ज्याच्या लायब्ररी आडजागी आहेत त्याने एलडीफ्लॅग्ज.

परंतु हे सांगावे कसे, येथेच या इतिहासाची ग्यानबाची मेख आहे. जुनी रीत अशी की ‘सीसी=अमुक’ हे शब्द आधी लिहून मग कॉन्फिगरची आज्ञा द्यावी. मूल्य पोचते, काम होते. परंतु तो तोंडी हुकूम ठरतो, कारण ते मूल्य कोणी मुद्दाम सांगितले की भोवतालातून आपसूक आले, हे स्क्रिप्टला ओळखता येत नाही. पुढे मेकच्या ओघात कॉन्फिगर पुन्हा आपोआप चालले, म्हणजे तो हुकूम विस्मृतीत जाण्याचा संभव असे, आणि अर्धे काम एका कंपायलरने व उरलेले दुसऱ्याने होऊन बसे. नवी रीत अशी की तेच शब्द कॉन्फिगरच्या नावानंतर लिहावेत. मग ते आज्ञेचेच कलम होतात, कॉन्फिग डॉट लॉग या फाइलीच्या आरंभी नोंदले जातात आणि कॉन्फिग डॉट स्टेटस या फाइलीच्या दप्तरी राहतात. 2001 साली निघालेल्या ऑटोकॉन्फच्या 2.50 या आवृत्तीने या रीतीस प्रशस्त स्थान दिले. इतकेच नव्हे तर काही नावे ‘मौल्यवान’ ठरवून, ती भोवतालातून आली तरी जपावीत आणि दोन वेळच्या मूल्यांत तफावत आढळल्यास तक्रार करावी, अशी तजवीज केली.

ही तजवीज किती आवश्यक होती, हे पाहण्यास महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. 1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा केला तो ट्रान्सप्युटर या प्रोसेसरवर. 1998 चा परम 10000 सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्कवर होता, पुढचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर4 वर, आणि 2008 चा परम युवा इंटेलवर. वीस वर्षांच्या आत यंत्राची जात इतक्या वेळा पालटली, की तीच गणिती आज्ञावली दर खेपेस नव्या कंपायलरपुढे उभी करणे ओघानेच आले. मुंबईच्या आय. आय. टी.त प्रा. उदय खेडकर यांनी चालविलेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरने तर खुद्द जीसीसी कॉन्फिगर करून बांधणे हाच अध्यापनाचा विषय केला. कारण कंपायलर बांधताना तो कोणत्या यंत्रावर बांधला जातो, कोणत्या यंत्रावर चालणार आणि कोणत्या यंत्रासाठी आज्ञावली तयार करणार, ही तीन ठिकाणे निराळी असू शकतात, आणि त्यांची गल्लत झाली तर सारा खटाटोप व्यर्थ जातो.

आज सीमेक आणि मेसन ही बांधणीची नवी साधने आली असली, तरी तीही प्रथम बांधणीच्या वेळी सीसी आणि सीफ्लॅग्ज ही नावे भोवतालातून वाचतात. म्हणजे मेकच्या काळचा परिपाठ अद्याप जिवंत आहे. शहादे, तळोदे किंवा नंदुरबार येथील विद्यार्थ्यास तो शिकण्यासाठी मोठ्या शहराची वाट धरण्याचे कारण नाही; मुंबईच्या आय. आय. टी.च्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि सी भाषेचे पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत, आणि प्रशासकाचा अधिकार नसलेल्या साध्या संगणकावरही प्रीफिक्स, म्हणजे बांधलेली साधने ठेवण्याची जागा, म्हणून आपलीच होम डिरेक्टरी देऊन बांधणी करता येते. त्याने एवढेच पथ्य पाळावे : कंपायलरविषयीची प्रत्येक सूचना कॉन्फिगरच्या ओळीतच लिहावी, ती ओळ मूळ मजकुराबरोबर जपून ठेवावी, आणि काही बिघडल्यास कोणास विचारण्यापूर्वी कॉन्फिग डॉट लॉग वाचावा. जी बांधणी दुसऱ्यास जशीच्या तशी पुन्हा करता येत नाही, ती पुरी झाली असे समजू नये.