आकडा आणि भीती : गिरणगाव किती सुरक्षित होतं?

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी प्रश्न विचारला होता. त्या म्हणाल्या, "लालबाग-परळमध्ये पूर्वी रात्री बारा वाजता बाईमाणूस एकटी घरी यायची, असं सासूबाई सांगतात. म्हणजे तेव्हा गुन्हे कमी होते का?" तेव्हा वेळ संपली होती, म्हणून आज तिथूनच सुरुवात करतो.

गुन्हे कमी होते का, हे पोलिसांची वही पाहून सांगता येईल असं आपल्याला वाटतं. पण त्या वहीत काय येतं ते आधी पाहा. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि काल हातभट्टीची पिऊन झोपणारा माणूस आज गुन्हेगार ठरला. माणूस तोच, गल्ली तीच, वहीतली नोंद मात्र वाढली. मटक्याचंही तसंच. मुळात तो न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या भावावर लावायचा जुगार होता. कापसावर जगणाऱ्या वस्तीत तो रुजला यात नवल नाही. 'आकडा' म्हटलं की गिरणगावात आजही आधी मटकाच आठवतो, गुन्ह्यांचा आकडा नाही!

आता उलट बाजू. चाळीत भिंतीपलीकडे नवरा बायकोला मारतोय, हे सगळ्या मजल्याला ऐकू यायचं. त्यासाठी वहीत वेगळा रकानाच नव्हता. ४९८-अ हे कलम आलं १९८३ साली. त्याआधी मारहाणीची फार तर अदखलपात्र नोंद व्हायची, आणि बहुतेक वेळा "घरातलं घरात मिटवा" म्हणून बाईला परत पाठवायचे. म्हणजे सासूबाई म्हणतात ते खरं असेल, पण ते रस्त्यापुरतं. खोलीचं दार लावल्यावर काय, ते त्या सांगत नाहीत आणि वहीही सांगत नाही.

मग रस्ता सुरक्षित का होता? माझं उत्तर साधं आहे : गिरणीच्या भोंग्यामुळे. ताडदेवला १८५४ मध्ये पहिल्या गिरणीची स्थापना झाली, आणि पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत भायखळ्यापासून परळ-वरळीपर्यंत गिरण्याच गिरण्या उभ्या राहिल्या. बहुतेक कामगार पायी पंधरा मिनिटांच्या अंतरात राहायचे. तीन पाळ्या. मध्यरात्री एक पाळी सुटायची, दुसरी भरायची. खोलीत माणसं इतकी की झोपायचंसुद्धा पाळीपाळीने. गाववाल्यांच्या खोल्यांतले पुरुष गॅलरीत, जिन्यात, फुटपाथवर पथारी टाकायचे. अशा रस्त्यावर चोरी करायची कुणी आणि पळायचं कुठून? दिवसातला असा एक तास नव्हता की कुणीतरी जागं नाही. आणि जागा असलेला माणूस नुसता बघा नसायचा, तो तुमच्या गावचा, तुमच्या खात्यातला, नाहीतर तुमच्या खानावळीत जेवणारा असायचा.

यात 'दादा'ही आला. आज या शब्दाला वेगळा वास आहे. १९२०-३० च्या काळातला दादा म्हणजे तालीम चालवणारा, सणाची वर्गणी गोळा करणारा, भाडेकरू-घरमालकाचा तंटा मिटवणारा माणूस. परक्याने वस्तीतल्या मुलीची छेड काढली तर पोलीस चौकीआधी त्याच्याकडे निरोप जायचा. पण हे फुकट नव्हतं. घोडपदेवचा केशव दादा बोरकर गिरणी कामगार युनियनच्या, म्हणजे लाल बावट्याच्या, विरोधात उभा राहिला, तेव्हा वस्तीला राखणाराच संपवाल्यांवर उलटला. राखणदाराचं मन फिरलं की काय, याची सोय त्या व्यवस्थेत कुठेच नव्हती.

आणि ओळखीवर उभी असलेली सुरक्षितता अनोळखी माणसाचं काय करते, ते १९२९ च्या फेब्रुवारीत दिसलं. शिवडीकडे तेल कंपन्यांतला संप फोडायला पठाण कामगार आणले होते. त्यात पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात व्याजासाठी उभा राहणारा पठाण सावकार सगळ्यांच्या डोळ्यांत होताच. अफवा उठली : पठाण पोरं पळवतात, पुलाच्या पायात बळी द्यायला नेतात. एवढ्यावर गिरणी कामगार पठाणांवर तुटून पडले, आणि बघता बघता त्याचा हिंदू-मुसलमान दंगा झाला. शंभराहून जास्त माणसं मेली. आपण ज्या गॅलरीचं कौतुक करतो, तिच्यातूनच ही अफवा एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेली असणार, हे विसरू नये.

पुढचा काळ आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलाय, तो भरभर सांगतो. ५ जून १९७० ला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. ते याच वस्तीतले, लोकांच्या रोजच्या ओळखीचे. त्यानंतर राजकारणासाठी माणूस मारला जाऊ शकतो ही भीती वस्तीत आली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. भोंगे थांबले, आणि रात्रीचा जागता रस्ता गेला.

त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांची जी पोरं होती, त्यांचं काय झालं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाप घरी बसलेला, शाळा सुटलेली, तालमीत जाणारं अंग. टोळ्यांना हीच पोरं मिळाली. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा बाजार खुला केल्यावर खंडणी आणि सुपारीचे भाव वाढले. १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव यांना भररस्त्यात गोळ्या घातल्या, १९९७ मध्ये सामंतांना. वर्तमानपत्रांनी तेव्हा गिरणगावाला गुंडांची वस्ती ठरवलं. चकमकीत मेलेल्याची बातमी "एक गुंड ठार" एवढ्यात संपायची. चाळीतल्या आईच्या हिशोबात मात्र तो संपात गेलेला मुलगा होता. तो हिशोब कुठल्या रकान्यात मांडणार?

म्हणून त्या बाईंना माझं उत्तर असं, की गुन्हे कमी होते का हे वहीवरून सांगता येणार नाही. रस्ता मात्र खरोखर जागा होता, आणि तो पोलिसांनी नाही, तीन पाळ्यांनी जागा ठेवला होता.

संपानंतर पुष्कळ कामगारांनी वॉचमनची नोकरी धरली. काही तर बंद गिरण्यांच्याच दारावर बसले. आज त्या जमिनींवर टॉवर आहेत, कॅमेरे आहेत, आणि फाटकावर एक वही असते : नाव, कुणाकडे, आत किती वाजता, बाहेर किती वाजता.

इथे थांबतो. प्रश्न घेऊया.