हंसांचा हजेरीपट

आपल्यापैकी बहुतेकांचे आई-वडील भारतातून इकडे येतात ते मे ते सप्टेंबरच्या दरम्यान. माझे बाबा मात्र हट्टाने जानेवारीत आले. "थंडी बघायची तर थंडीतच बघावी," असे त्यांचे म्हणणे. पहिले दोन शनिवार-रविवार पावसात वाया गेले, ब्रिटिश म्युझियम पाहून झाले, देवळात जाऊन झाले. तिसऱ्या रविवारी करायचे काय, या प्रश्नावर आमच्या सौ.ने स्लिमब्रिजचा तोडगा काढला. ब्रिस्टलहून ग्लॉस्टरकडे जाताना सेव्हर्न नदीच्या काठाला हे गाव आहे. गाडी लावून आम्ही एका लाकडी खोपटात शिरलो. समोर पाणी, चिखल, गवत आणि हजारो बदके. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, हे तर आपलं चापडगाव! ऊन तेवढं आणायला विसरले."

आमचे गाव निफाड तालुक्यातले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात नांदूर-मधमेश्वरचा बंधारा झाला, मागे गाळ साठत गेला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि हिवाळ्यात पक्षी येऊ लागले. कुणी ठरवून केले नाही, होऊन गेले. स्लिमब्रिजचे तसे नाही. तिथे एका माणसाने ठरवून केले, आणि मुख्य म्हणजे ते लिहून ठेवले. आजची हकीकत त्या लिहून ठेवण्याचीच आहे.

तो माणूस म्हणजे सर पीटर स्कॉट. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली प्राणाला मुकलेल्या कॅप्टन स्कॉटचा हा एकुलता एक मुलगा. वडील गेले तेव्हा पोर अडीच वर्षांचे होते. तंबूत मरणाची वाट पाहत असताना वडिलांनी पत्नीला लिहिलेल्या पत्रात, जमल्यास मुलाला निसर्गाची गोडी लाव, असे सांगितले होते. गोडी लागली, पण सुरुवातीला ती बंदुकीच्या नळीतून! तरुणपणी हे गृहस्थ बदके आणि हंसक मारण्यात पटाईत होते. चित्रकारही उत्तम. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये शिडाच्या होडीच्या शर्यतीत त्यांना कांस्यपदक मिळाले आणि महायुद्धात आरमारात कामगिरी झाली. एकाच माणसाला इतके कसे काय जमते, हा प्रश्न मला नेहमी पडतो. मला एक डॉक्टरेट करताना नाकी नऊ आले होते.

युद्ध संपल्यावर, १९४५च्या डिसेंबरात, स्कॉट सेव्हर्नच्या काठी आले. युरोपातून उत्तरेचे पांढऱ्या कपाळाचे हंसक तिथे हजारोंनी हिवाळा काढत. त्यांच्यातच त्यांची एक छोटी, दुर्मिळ जात मिसळलेली असावी, असा त्यांचा अंदाज होता. ती जात दिसली, आणि पुढच्याच वर्षी, १० नोव्हेंबर १९४६ रोजी, त्यांनी तिथेच सेव्हर्न वाइल्डफाऊल ट्रस्ट स्थापन केला. पुढे त्याचे नाव बदलत गेले आणि १९८९पासून ते वाइल्डफाऊल अँड वेटलँड्स ट्रस्ट असे आहे. नावात 'वेटलँड्स', म्हणजे पाणथळ जागा, हा शब्द यायला त्रेचाळीस वर्षे लागली. पक्षी वाचवायचा तर आधी त्याचा चिखल वाचवावा लागतो, हे कळायला जगालाच तेवढा वेळ लागला.

शिकारीचीच हत्यारे अभ्यासाला जुंपणे ही स्कॉटची खरी हुशारी. स्लिमब्रिजला बदके पकडण्याचा एक जुना 'डिकॉय' होता. तळ्यातून जाळीचे वाकडे बोगदे निघतात आणि काठावरच्या आडोशांमधून एक कुत्रा लपंडाव खेळत आत आत जातो. बदकांना कुत्र्याबद्दल विलक्षण कुतूहल. ती त्याच्या मागे मागे पोहत जातात आणि बोगद्याच्या टोकाला अडकतात. (निवडणुकीच्या दिवसांत हे वर्णन आठवून पाहावे.) पूर्वी तिथे बदकांच्या माना मुरगाळत. स्कॉटनी त्यांच्या पायात नंबराची कडी अडकवून त्यांना सोडून द्यायला सुरुवात केली. शेतात चरणाऱ्या हंसकांवर रॉकेटने जाळे उडवून टाकण्याची पद्धतही याच मंडळींनी बसवली. १९५१ साली तर ते आइसलँडच्या मध्यभागी जाऊन तट्टांवरून, पायी, गुलाबी पायांच्या हंसकांचे कळप हाकत बसले. पिसे झडण्याच्या दिवसांत या पक्ष्यांना उडता येत नाही, त्याचा फायदा घेऊन त्यांनी हजाराहून अधिक पक्ष्यांना कडी घातली. तिथे त्यांना दगडी कोंडवाडे सापडले. शेकडो वर्षांपूर्वी आइसलँडचे लोक खाण्यासाठी हेच करत असत.

कडी घातलेला पक्षी कुठे मेला, कुठे सापडला, हे कळते. पण तो जगला कसा? जोडीदार कोण, पिले किती, यंदा कुणाबरोबर आला? त्याचे उत्तर मिळाले ते १९६४ साली, आणि तेही घराच्या खिडकीतून. स्कॉटच्या स्टुडिओसमोर एक तळे आहे. तिथल्या पाळीव हंसांना पाहून त्या फेब्रुवारीत रानातले बेविक जातीचे हंस उतरले. रशियाच्या उत्तरेच्या टुंड्रा प्रदेशात वीण घालून साडेतीन हजार किलोमीटर उडत येणारी ही जात. तिच्या चोचीवर काळ्या आणि पिवळ्या रंगाची नक्षी असते, आणि स्कॉटच्या चित्रकाराच्या नजरेने टिपले की कुठल्याही दोन हंसांची नक्षी सारखी नाही. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखीच ती असते.

मग वही सुरू झाली. प्रत्येक हंसाच्या डोक्याचे समोरून आणि बाजूने चित्र, त्याला एक नाव, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, सोबत कोण. पिवळी जास्त असलेल्या चोचीला 'यलोनेब', काळी जास्त असली तर 'डार्की' आणि काळ्यात पिवळा ठिपका वेढलेला असला तर 'पेनीफेस'. लेडी फिलिपा स्कॉट आणि मुलगी डाफिला या कामात होत्याच. डाफिलाचे नावसुद्धा एका बदकाच्या शास्त्रीय नावावरून ठेवलेले, आणि पुढे तिने याच हंसांवर केंब्रिजला डॉक्टरेट केली.

माझे पोट संगणकाच्या माहितीसाठ्यांवर चालते, म्हणून या वहीबद्दल थोडे व्यावसायिक कौतुक. कुठल्याही नोंदवहीत पहिला प्रश्न असतो तो ओळखीचा: आज आलेला आणि गेल्या वर्षी आलेला हा एकच आहे ना? बँकांना आणि इस्पितळांना आजही तो नीट सुटत नाही. एकाच आडनावाचे दोन कुलकर्णी आले की गोंधळ! स्कॉटनी तो ब्रशाने सोडवला. पक्ष्याला हात न लावता आणि दरवर्षी पुन्हा तपासता येईल अशी ही खूण. दहा हजारांहून अधिक हंस या पद्धतीने नोंदले गेले आहेत. आमच्या धंद्यात पंधरा वर्षांपूर्वीची फाईल उघडत नाही, आणि ही चित्रे अजून कुणालाही वाचता येतात.

या वहीतून एक गोष्ट कळली, ती आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांना फार आवडेल. हे हंस जन्माची जोडी करतात. २०१० साली सरिंदी आणि सरुनी ही जोडी वेगवेगळे नवे जोडीदार घेऊन परत आली, तेव्हा तिची बातमी झाली. चाळीस वर्षांत, चार हजारांवर जोड्यांमध्ये, काडीमोडाची ही दुसरीच नोंद होती!

स्लिमब्रिजचे काम कुंपणात राहिले नाही. हवाई बेटांवरची नेने ही हंसक जात १९५०च्या सुमारास रानात जेमतेम तीसच्या घरात उरली होती. तिची जोडी म्हणून दोन पक्षी स्लिमब्रिजला आणले. दोघांनीही अंडी घातली, तेव्हा कळले की दोन्ही माद्या आहेत! पुढच्या वर्षी एक नर विमानाने मागवावा लागला. त्यांची प्रजा वाढली आणि १९६२ साली पक्षी परत माउई बेटावर सोडले गेले. १९५५ साली संशोधन प्रमुख म्हणून आलेले जेफ्री मॅथ्यूज यांनी पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय कराराचा पाठपुरावा केला, आणि २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर या गावी तो झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. आमचे नांदूर-मधमेश्वर त्या यादीत जाहीर झाले २०२०च्या सुरुवातीला. ते महाराष्ट्रातले पहिलेच रामसर ठिकाण. खोपटातल्या बाकावर बसून मी बाबांना हा दुवा समजावून सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे आपली पाटी इथून लिहिली गेली म्हण की."

आता जरा कडू भाग. साऱ्या वायव्य युरोपात हिवाळा काढणारे बेविक हंस १९९५ साली सुमारे २९ हजार भरले होते. २०१० साली ते १८ हजार झाले आणि २०२०च्या मोजणीत जेमतेम १३ हजार. स्लिमब्रिजला पूर्वी शेकड्यांनी उतरत, तिथली संख्या फारच रोडावली आहे. हवा उबदार झाल्याने ते वाटेतच, जर्मनीकडे थांबतात. १९७०नंतरच्या पन्नास वर्षांत त्यांचा हिवाळी मुक्काम साडेतीनशे किलोमीटर पूर्वेला सरकला. पण सगळीकडची मोजणी एकत्र केली तरी आकडा घटतोच, म्हणजे नुसते मुक्काम बदलणे हे कारण नव्हे. पकडलेल्या हंसांचे एक्स-रे काढले तेव्हा तीनांतल्या जवळजवळ एकाच्या अंगात बंदुकीचे छर्रे निघाले, आणि तेही वाटेतल्या प्रत्येक देशात त्यांची शिकार बेकायदा असताना. शिवाय चिखलात पडलेले शिशाचे छर्रे पक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. इंग्लंडात पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे वापरायला १९९९ साली बंदी आली. व्यापक बंदीचा निर्णय जाहीर व्हायला २०२५ उजाडले.

हे सगळे बोलता येते ते फक्त जुना आकडा हाताशी आहे म्हणून. या देशात पाणपक्ष्यांची मोजणी १९४७पासून चालू आहे. ठरलेल्या रविवारी, दर हिवाळ्यात, हजारो स्वयंसेवक दुर्बीण घेऊन आपापल्या तळ्यावर जातात. त्यांत पोस्टमन आहेत, निवृत्त मास्तर आहेत. कुणी त्यांना पैसे देत नाही. आपल्याकडे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या पुढाकाराने १९५९पासून पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे काम केले, आणि आशियाई पाणपक्षी गणना १९८७ साली सुरू झाली. म्हणजे मधल्या चाळीस वर्षांत आमच्या बंधाऱ्यावर किती पट्टकादंब उतरले, हे मोजून लिहिलेले फारसे कुठे नाही.

एका घरी मात्र होते. बाबा गावच्या शाळेत मास्तर. पाऊस किती झाला, कांदा कधी लावला, आणि पट्टकादंबांचा पहिला थवा कुठल्या तारखेला दिसला, हे ते एका जाड वहीत लिहीत. थव्यातले पक्षी अंदाजाने मोजून आकडाही टाकत. पंचवीसेक वर्षांच्या नोंदी होत्या. मी शिकायला परदेशी निघालो त्या उन्हाळ्यात घर रंगवायला काढले होते, माळा मी आवरला, आणि किलोच्या भावाने जी रद्दी दिली तीत ती वही गेली. बाबा तेव्हा एवढेच म्हणाले, "असू दे, तुला काय माहीत." इंजिनियरिंगमध्ये डॉक्टरेट करायला निघालेल्या मुलाला हे म्हटले होते, बरे का!

स्लिमब्रिजच्या खोपटात त्यांनी वहीचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. संध्याकाळी दिवे लावून हंसांना धान्य टाकतात, ते पाहायला आम्ही थांबलो. एक जोडी दोन करड्या पिलांना घेऊन उतरली. पिले पहिला हिवाळा आई-बापांबरोबरच काढतात, असे निवेदन करणारी मुलगी सांगत होती. बाबांनी तिला विचारायला लावले की या दोघांची नावे काय. ती हसली आणि म्हणाली की चोच नीट दिसली नाही, उद्या सकाळी बघून लिहू.

परत गेल्यावर त्यांचा फोन आला. माझा चुलतभाऊ चापडगावच्या मनोऱ्यावरून गणनेला जाणार होता, बाबाही सोबत गेले. दोघांच्या आकड्यांत अकराचा फरक पडला म्हणून ते पुन्हा मोजायला बसले आणि जेवायला उशीर झाला, अशी आईची तक्रार होती.