छायाचित्रे, आठवणी आणि उपनगराचा स्थानिक इतिहास : विलेपार्ल्याच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी इतिहाससंशोधनाला घरोघरीच्या दफ्तरांचे महत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून खाजगी घरांतील कागद मिळवले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. माळ्यावरच्या रुमालात बांधलेला कागद हाही इतिहासाचा पुरावा असतो, ही दृष्टी त्या कार्यातून रुजली. विसाव्या शतकातील उपनगरी कुटुंबात मात्र दफ्तराच्या रुमालाची जागा छायाचित्रांच्या अल्बमने घेतली. या अल्बमकडे साधन म्हणून पाहण्याची सवय अद्याप पुरेशी रुळलेली नाही. प्रस्तुत निबंधात मुंबईच्या पश्चिम उपनगरातील विलेपार्ले हे उदाहरण घेऊन जुनी छायाचित्रे व त्यांच्याशी निगडित आठवणी यांचे साधनमूल्य आणि त्यांच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही लोहमार्गावरील पहिली गाडी धावली आणि १८६७ मध्ये पश्चिमेकडील मार्गावर विरार ते बॅकबे अशी गाडी सुरू झाली. या दोन घटनांनी साष्टी बेटातील गावे मुंबईच्या जवळ आणली. १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीच्या मुंबईबाहेर मोकळ्या हवेत राहण्याची ओढ मध्यमवर्गात वाढली. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. पार्ल्यात १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला, तो याच स्मृतीच्या प्रेरणेने. वस्ती अजून विरळ असताना शाळा आणि सार्वजनिक संस्था उभ्या राहिल्या, हे या उपनगराचे वैशिष्ट्य होय.

१९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण झाले. १९२९ मध्ये ज्या कारखान्याने उपनगराचेच नाव धारण केले, तो पार्ले कारखाना सुरू झाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखालील विलेपार्ले छावणी हे आंदोलनाचे एक प्रमुख केंद्र होते. १९५० मध्ये पार्ले मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आले. शंभर वर्षांच्या आत शेतवाडीचे गाव, बंगल्यांचे उपनगर, सहकारी गृहनिर्माण संस्थांची वसाहत आणि पुढे बहुमजली इमारतींची वस्ती, अशी चार रूपे या भूमीने पाहिली. छायाचित्रांचे मोल या वेगामुळेच वाढते, कारण प्रत्येक नव्या रूपाने आधीच्या रूपाच्या खुणा पुसल्या आहेत.

छायाचित्राचे वाचन

कौटुंबिक छायाचित्रावर तारीख क्वचितच असते. ती चित्रातील तपशिलांवरूनच काढावी लागते. लोहमार्गावर विजेच्या तारा नसतील, तर ते चित्र साधारणपणे १९२८ पूर्वीचे मानता येते. दुकानाच्या पाटीवर सहा आकडी पिनकोड असेल, तर ते १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचे असू शकत नाही, कारण ही पद्धत त्या दिवशी सुरू झाली. 'मुंबई ५७' एवढाच निर्देश मात्र निर्णायक नाही. जुनी पाटी पुढेही अनेक वर्षे टिकलेली असू शकते. मोटारीच्या क्रमांकाचा आरंभ 'एमएच' या अक्षरांनी होत असेल, तर चित्र १९८० च्या दशकाच्या अखेरीपूर्वीचे नव्हे. दूरध्वनी क्रमांक आठ आकडी असेल, तर ते २००२ च्या आधीचे नव्हे. यांपैकी बहुतेक खुणा कालखंडाची एकच बाजू निश्चित करतात, याचे भान अभ्यासकाने ठेवणे अगत्याचे आहे.

छायाचित्राचे भौतिक रूपही बोलके असते. साठच्या दशकात लोकप्रिय झालेल्या अ‍ॅग्फा क्लिक-३ कॅमेऱ्यात एका फिल्मवर बाराच चौकोनी चित्रे निघत. फिल्म आणि धुलाईचा खर्च लक्षात घेता प्रत्येक चित्र विचारपूर्वक काढले जाई. त्यामुळे मुंज, लग्न, बारसे, शाळेचे स्नेहसंमेलन, पाहुण्यांसह अंगणातील समूहचित्र असे प्रसंग अल्बममध्ये येतात. भाजी निवडणे, नळावर पाणी भरणे, गाडीची वाट पाहणे हे रोजचे जीवन त्यातून बव्हंशी निसटते. तथापि मुंजीच्या चित्रात बटूच्या मागे दिसणारी विहीर, कौलारू पडवी अथवा कुंपणापलीकडची ताडाची झाडे छायाचित्रकाराने हेतुपूर्वक टिपलेली नसतात. इतिहासाच्या दृष्टीने अनेकदा हीच अनपेक्षित पार्श्वभूमी मुख्य विषय ठरते.

आठवणीचे स्थान

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये असे प्रतिपादन केले, की व्यक्तीची स्मृती समाजगटाच्या चौकटीत आकार घेते. जुने छायाचित्र चारचौघांत हाताळले जाते, तेव्हा याचा प्रत्यय येतो. एकाला विहीर आठवते, दुसऱ्याला तिचे पाणी आटलेला उन्हाळा, तिसऱ्याला ती बुजवल्यावर झालेले भांडण. छायाचित्र प्रश्न विचारते आणि आठवण उत्तर देते. परंतु ते उत्तर पुन्हा छायाचित्रावरच पडताळून घ्यावे लागते. 'तेव्हा सर्वत्र बंगलेच होते' असे सांगणाऱ्याच्याच अल्बममध्ये मागे चाळ उभी असू शकते.

याउलट काही गोष्टी फक्त आठवणीतच राहतात. पार्ले पूर्वेच्या रहिवाशांच्या बोलण्यात बिस्किटांच्या भट्टीचा दरवळ हमखास येतो. २०१६ मध्ये हा कारखाना बंद झाला. कारखान्याची चित्रे उपलब्ध होतील. दरवळाचे चित्र मात्र नाही. तो अनुभवलेली माणसे आहेत तोवरच त्याची नोंद शक्य आहे.

अल्बममधील मौन

कॅमेरा ज्याच्या हाती, त्याचे उपनगर अल्बममध्ये अधिक दिसते. बंगल्यातील आणि सोसायटीतील शिक्षित कुटुंबांची चित्रे तुलनेने विपुल असतात. गावठाणातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती, कोळी व आगरी कुटुंबे, कारखान्यातील कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांची उपस्थिती चित्राच्या कडेला, बहुधा नावावाचून असते. स्त्रिया समूहचित्रात दिसल्या तरी पाठीमागील नोंदीत अनेकदा 'सौ.' एवढ्या उल्लेखापलीकडे जात नाहीत. केवळ उपलब्ध अल्बमांच्या आधारे इतिहास लिहिला, तर उपनगर म्हणजे मराठी मध्यमवर्गाची वसाहत, हेच चित्र पक्के होईल. म्हणून संकलनाची सुरुवात गावठाण आणि वस्त्यांपासूनही झाली पाहिजे. तेथे छायाचित्र नसेल, तर आठवणीचे ध्वनिमुद्रण हेच साधन मानावे लागेल.

पुनर्विकास आणि साधनांचा ऱ्हास

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्कांची तरतूद केली आणि उपनगरात जुन्या इमारती पाडून उंच इमारती उभारणे लाभदायक ठरले. विमानतळानजीक असल्यामुळे पार्ल्याच्या काही भागांत इमारतींच्या उंचीवर बंधने आहेत आणि तेथील पुनर्विकास रखडला आहे. म्हणजे एकीकडे जुने घर झपाट्याने नाहीसे होते, तर दुसरीकडे ते जीर्ण होत उभे राहते. जीर्ण घरात राहणाऱ्यांचा सुरक्षित निवाऱ्याचा हक्क हा स्मरणरंजनापेक्षा मोठा आहे, हे येथे नि:संदिग्धपणे नमूद केले पाहिजे. प्रश्न घर पाडावे की नाही हा नसून, घर रिकामे करताना काय टाकून दिले जाते हा आहे. भाड्याच्या तात्पुरत्या जागेत सामान हलवताना अल्बमला जागा उरत नाही, आणि चित्रातील माणसे ओळखणारी पिढी तोवर वृद्ध झालेली असते. १९८० नंतरच्या अनेक रंगीत प्रतींचे रंग उडत चालले आहेत. चांगल्या रीतीने धुतलेली कृष्णधवल चित्रे त्यांच्याहून अधिक टिकलेली आढळतात.

समारोप

छायाचित्र आठवणीविना मुके असते आणि आठवण छायाचित्राविना भरकटू शकते. म्हणून दोहोंचे संकलन एकत्र होणे आवश्यक आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे कार्य अल्प खर्चात हाती घेता येईल. चित्राच्या दोन्ही बाजूंची प्रतिमा घ्यावी, मूळ प्रत मालकाकडेच ठेवावी, चित्रातील व्यक्ती, स्थळ व प्रसंग यांची नोंद सांगणाऱ्याच्या नावासह व संमतीने करावी, आणि अनिश्चित माहिती अनिश्चित म्हणूनच लिहावी. राजवाड्यांना रुमालातील कागद शेकडो वर्षांनंतरही वाचता आले, कारण त्यांवर अक्षरे होती. अल्बममधील बहुतांश चित्रांवर अक्षर नाही. ते वाचून दाखवणारी माणसे अद्याप आपल्यात आहेत, तोवरच त्यांना विचारणे शक्य आहे.