पायी वारी आणि आपली दिंडी

माऊलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी, 1832 च्या सुमारास. आरफळ म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातलंच गाव. अंकलीच्या शितोळे सरकारांनी सोहळ्याला घोडे दिले. ते अश्व अजून दरवर्षी अंकलीहून मिरज, सांगली, सातारा करत आळंदीला पायीच येतात. जनावर चालतं, आणि माणूस?

आमच्या लहानपणी म्हातारी माणसं पेरणी उरकली की घरूनच चालत निघायची. आळंदी ते पंढरी अडीचशे किलोमीटर, ते वेगळंच. गुडघ्याची तक्रार आम्ही कधी ऐकली नाही. 2020 साली करोनात पादुका एसटीनं पंढरीला गेल्या, आम्ही घरी बसलो. पाय दुखले ते त्या वर्षी!

आता देवळात काकड्यालासुद्धा फटफटी लागते. दिंडीतही तरणी पोरं ट्रकात चढतात. आम्ही स्वतः दोन वर्षं चढलो, ते लपवत नाही. म्हणून यंदा ठरलंय. नीरा ओलांडली की लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, एवढ्या वाटेला ट्रकात सामान आणि आजारी माणूस, बाकी सगळे टाळ घेऊन खाली. सरावाला रोज पहाटे शिवारापर्यंत चालायचं. काकडा झाला की देवळापुढं जमा.